लिफ्टचं बिल कोण भरणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलं की अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत चुकीच्या डिझाइनमुळे वीस वर्षांच्या आत सुरुंग लावून पाडावी लागली. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मुंबईत चाळी पाडून चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहताहेत, त्यांचंही पुढे तेच होणार का?"

मी सिव्हिल इंजिनियर. अठ्ठावीस वर्षं मुंबई-ठाण्यात स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीची कामं करतोय. त्यातली निम्मी कामं पुनर्वसनाच्या आणि जुन्या सरकारी इमारतींची. डिझाइनवाल्यांपेक्षा माझी नजर जरा वेगळी आहे, कारण इमारत उभी राहते तेव्हा मला कुणी बोलावत नाही. ती गळायला लागली की बोलावतात. त्यामुळे माझं उत्तर पंप रूममधून दिलेलं आहे असं समजा.

तुम्हाला शिकवलं ते अर्धंच खरं आहे. वर्गात एक फोटो दाखवतात. अकरा मजल्यांची लांबलचक इमारत कंबरेत मोडून धुळीत बसतेय, असा. तो १९७२ सालचा. चार्ल्स जेंक्स नावाच्या समीक्षकाने पुढे १९७७ साली लिहून टाकलं की आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी मेली. मृत्यूची वेळ मिनिटासकट मिळाल्यावर कोण सोडतो? वर्गावर्गात तीच सांगितली जाते. प्रत्यक्षात पहिली इमारत १६ मार्च १९७२ लाच पाडली होती, दुसरी एप्रिलमध्ये, आणि तेव्हा उरलेल्या वाचवायचा विचार चालू होता. वरचे मजले उतरवून उंची कमी करता येईल का, हेही बघितलं जात होतं. मग तो नाद सोडला आणि १९७६ पर्यंत सगळं सपाट केलं. आणखी एक दंतकथा : या वसाहतीला मोठा पुरस्कार मिळाला होता म्हणे. नव्हता मिळाला. बांधायच्या आधी एका व्यावसायिक मासिकाने १९५१ साली आराखड्याचं कौतुक केलं होतं, एवढंच.

आता आकडे. ५७ एकर जागा, ३३ इमारती, प्रत्येकी ११ मजले, एकूण २,८७० घरं. लोक राहायला आले १९५४ पासून. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी, म्हणजे ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे केले तेच. एका भागाला वेंडेल प्रुइट या कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकाचं नाव, दुसऱ्याला विल्यम आयगो या माजी खासदाराचं. मूळ बेत असा की प्रुइटमध्ये काळे राहतील आणि आयगोमध्ये गोरे. १९५४ मध्ये शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतर ही विभागणी टिकली नाही, आणि थोड्याच वर्षांत गोरी कुटुंबं निघून गेली.

एकरी पन्नास घरं. मुंबईत राहणाऱ्याला ही दाटी वाटणारच नाही. आपल्याकडचा एखादा बिल्डर एवढ्या मोकळ्या जागेचा एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधकाम, ते प्रमाण) पाहून रडेल. म्हणजे दाटी हे कारण नव्हतं. यामासाकींनी तर आधी मिश्र आराखडा दिला होता : काही उंच, काही मध्यम, काही जिन्याने चढायच्या बुटक्या इमारती. घरामागे किती खर्च करायचा याची मर्यादा केंद्र सरकारच्या खात्याने घातली आणि सगळ्या इमारती सारख्या, अकरा मजल्यांच्या झाल्या. खर्च बसेना म्हणून मग कात्री लागली ती अशी : लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबणार नाही. फक्त पहिला, चौथा, सातवा आणि दहावा. मधल्या मजल्यावरच्या माणसाने एक मजला चढायचा किंवा उतरायचा. ज्या मजल्यावर लिफ्ट थांबते तिथे लांबलचक गॅलरी. तिथे मुलं खेळतील, बायका कपडे धुतील, गप्पा होतील, असा कागदावरचा हिशेब.

लिफ्टच्या धंद्यातला कुणीही तुम्हाला सांगेल की लिफ्टमध्ये मोटर क्वचित बिघडते, बिघडतो तो दरवाजा. मजल्यावरचा दरवाजा आणि त्याचं इंटरलॉक, म्हणजे दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू न देणारं कुलूप. त्यामुळे दरवाजे कमी करा म्हणजे खर्च आणि बिघाड दोन्ही कमी, हे गणित कागदावर बरोबरच होतं. पण पूर्ण इमारतीची रहदारी चार दरवाजांवर आली, गॅलरी आणि जिना रिकामे पडले, तिथे कुणाचीच नजर राहिली नाही. लूटमार तिथेच व्हायला लागली.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना लगेच कळतं. तळमजल्यावर सार्वजनिक संडास नव्हता. खाली खेळणारं पाच वर्षांचं पोर, त्याला घाई लागली, घर आठव्या मजल्यावर, लिफ्टसाठी थांबायचं, सातव्यावर उतरून एक मजला चढायचं. पोर कुठे बसणार? लिफ्टमध्ये. मग लिफ्टला वास, मग बायका लिफ्टमधून जाईनात, मग जिना, जिन्यात अंधार. बाहेरचा माणूस येऊन म्हणतो, "या लोकांना राहायची अक्कल नाही." नकाशात एक संडास कमी काढला होता, ते कुणी बघत नाही.

तर डिझाइनचा दोष होता का? होता. पण समोर बघा. रस्त्यापलीकडे कार स्क्वेअर व्हिलेज नावाची १९४२ ची सरकारी वसाहत होती, बुटकी, दोन-तीन मजली. रहिवासी बहुतेक त्याच थरातले. ती त्या सगळ्या काळात भरलेली राहिली. डिझाइनला दोष देणारे हे उदाहरण देतात आणि ते चूक नाही. मात्र त्यातून "उंची वाईट" एवढंच काढलं तर चुकतं. मला त्यातून दिसतं ते असं की बुटक्या वसाहतीला पैसे कमी पडले तरी ती तग धरते. तिला लिफ्ट नाही, बूस्टर पंप नाही, अकराव्या मजल्याची फुटकी काच बदलायला परांची बांधावी लागत नाही. उंच इमारत म्हणजे यंत्र, आणि यंत्राला दरमहा खायला लागतं.

ते खाणं कुठून यायचं, इथे खरी गोम आहे. १९३७ च्या आणि मग १९४९ च्या कायद्यांनी अमेरिकेत अशी व्यवस्था केली होती की बांधकामाचं कर्ज केंद्र सरकार फेडेल, पण चालवायचा खर्च, म्हणजे लिफ्ट, हीटिंग, रंगरंगोटी, रखवालदार, हा भाडेकरूंच्या भाड्यातून निघेल. भाडेकरू कोण? शहरातले सगळ्यात गरीब. जरा बरं कमावायला लागला की नियमानेच घर सोडायचं. म्हणजे जो भाडं देऊ शकतो त्याला बाहेर काढायचं आणि जो देऊ शकत नाही त्याच्याकडून लिफ्टचं बिल मागायचं. त्यात मिसुरी राज्याचा सरकारी मदतीचा नियम असा, की घरात कमावता होऊ शकेल असा पुरुष राहत असेल तर मुलांची मदत बंद. बाप घराबाहेर राहिला तरच चूल पेटणार. मग हजारो मुलं, थोड्या बायका आणि नावालाही बाप नाही, अशी वसाहत सरकारने स्वतःच्या हाताने केली.

त्याच वेळी शहर रिकामं होत होतं. १९५० मध्ये सेंट लुईसची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. १९७० ला ६,२२,२३६ आणि १९८० ला साडेचार लाखांवर आली. नियोजनकर्त्यांनी शहर वाढतच जाणार असं धरून उंच इमारती बांधल्या होत्या. गोऱ्या कुटुंबांना सरकारी हमीचं गृहकर्ज मिळत होतं, ती उपनगरात बंगलीत गेली. काळ्यांना तिथे जाता येत नव्हतं, कारण घरांच्या करारांतच "काळ्यांना विकणार नाही" अशी कलमं. ही कलमं न्यायालयाने राबवायची नाहीत असा १९४८ चा निकाल झाला तो सेंट लुईसच्याच एका घरावरून, पण निकालाने बँका बदलल्या नाहीत. पुढे शहरातली जुनी घरं स्वस्त झाली, तेव्हा प्रुइट-आयगोतल्या ज्यांना शक्य झालं तेही निघाले. १९५७ मध्ये ९१ टक्के घरं भरलेली होती. १९७१ मध्ये १७ इमारतींत मिळून ६०० माणसं उरली. बाकीच्या १६ इमारती फळ्या ठोकून बंद.

रिकामं घर भाडं देत नाही. भाडं नाही म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणून आणखी घरं रिकामी. फुटक्या काचांतून हिवाळा आत शिरला की पाइप गोठतो आणि फुटतो, वरच्या मजल्याचं पाणी खालपर्यंत. घरभाडी वाढवत नेली, तेव्हा १९६९ साली सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी नऊ महिने भाडं न देण्याचा संप केला आणि जिंकलाही. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सगळ्या देशात भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली. माणुसकीच्या दृष्टीने हे हवंच होतं. पण भाडं कमी झालं तेवढी भर सरकारने दुसरीकडून पुरेशी घातली नाही, आणि लिफ्ट तशीच बंद राहिली.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी एका जिन्यात कळलं होतं. पूर्व उपनगरातली एक पुनर्वसनाची इमारत, चौदा मजली, एकशे बारा खोल्या. गळतीच्या पाहणीला बोलावलं होतं. दोन्ही लिफ्ट बंद. दारावर पुठ्ठा : "लिफ्ट दुरुस्तीत आहे". तो पुठ्ठा इतका जुना की त्याला घातलेली सुतळी काळी पडली होती. चढत गेलो. नवव्याच्या वळणावर एक आजी पायरीवर बसलेल्या, शेजारी दळणाचा डबा आणि दोन पिशव्या. मला म्हणाल्या, "वर निघालात ना, भाऊ? एवढी पिशवी बाराशे चारला ठेवा. मी येते दम खात." नंतर कळलं, त्या दिवसातून एकदाच उतरतात. दळण, भाजी, रेशन, औषध, सगळं त्या एकाच फेरीत.

गच्चीवर मशीन रूम उघडली तर एका लिफ्टच्या कंट्रोलरमधली कार्डं गायब. दुसरी चालू ठेवायला पहिलीचे भाग काढून लावले होते, आणि मग गच्चीचं पाणी झिरपून दुसरीही जळली. सेक्रेटरीने वही दाखवली. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, लिफ्ट नाही तर मेंटेनन्स कसला. खालचे म्हणतात, लिफ्ट आम्ही वापरतच नाही, आमच्याकडून कसला घेता. दोघांचंही बरोबर. वही मिटून तो म्हणाला, "साहेब, झोपडीत लाइट बिल दोनशे यायचं. इथं माझ्या एकट्याच्या अंगावर पंपाचं बिल येतंय."

आता हिशेब बघा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने घरामागे काही रक्कम ठेव म्हणून भरायची आणि तिच्या व्याजातून देखभाल व्हायची, असं सुरुवातीपासून आहे. आरंभी ती रक्कम २०,००० रुपये होती, पुढे वाढवली. जुन्या दराने ११२ घरांचे होतात २२ लाख ४० हजार. साडेसहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,४५,६००. म्हणजे महिन्याला बारा हजार. त्यात दोन लिफ्टचा देखभाल करार, सार्वजनिक मीटरचं बिल, पंपवाला, झाडूवाली, टाकी सफाई आणि आग विझवण्याच्या पंपाची चाचणी. बसवा बघू. त्या इमारतीच्या नुसत्या सार्वजनिक विजेच्या बिलालाच ते व्याज पुरत नव्हतं, आणि ठेव मिळवायला सोसायटीला किती हेलपाटे घालावे लागले ते वेगळंच. तीन मजली इमारतीत हीच माणसं, हीच ठेव असती तर भागलं असतं. अमेरिकेच्या त्या कायद्यात आणि आपल्या योजनेत एवढं साम्य आहे, बाकी काहीही नाही.

आता थोडं विषयांतर, पण तुमच्या प्रश्नाला धरूनच. सगळ्या उंच सरकारी इमारती पैशापायी पडल्या असं नाही. काही खरोखरच वाईट बांधल्या होत्या. पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमधली रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत घ्या. तिचं उत्तर वेगळं आहे आणि आमच्या शाखेत ते पाठच करून घेतात. १६ मे १९६८, पहाटे पावणेसहा. अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी गॅस पेटवायला काडी ओढली. जोडणीतला पितळी नट सदोष होता, गॅस साचलेला. स्फोट फार मोठा नव्हता, त्या स्वतः वाचल्या. पण इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार पाट्यांची, म्हणजे प्रीकास्ट. खांब-तुळया नाहीत, भिंतीवर स्लॅब, स्लॅबवर भिंत, पत्त्यांच्या बंगल्यासारखं. स्फोटाने कोपऱ्यातली भिंत बाहेर ढकलली, वरचे चार मजले निराधार होऊन खाली आले, आणि त्यांच्या माराने खालचे सगळे त्या कोपऱ्यात तळापर्यंत गेले. चार माणसं मेली. लोक झोपायच्या खोल्यांत होते आणि कोसळल्या त्या मुख्यतः बैठकीच्या खोल्या, नाहीतर आकडा कितीतरी मोठा असता. इमारत राहायला देऊन दोनच महिने झाले होते.

पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. इमारत दुरुस्त केली, सांधे मजबूत केले म्हणाले, लोक परत राहायला गेले. १९८६ मध्ये ती पाडताना मुद्दाम सुरुंग न लावता मजल्या-मजल्याने उतरवली, म्हणजे आतलं बघता येईल. सांध्यांत जिथे घट्ट मसाला ठासायचा होता तिथे पोकळ्या निघाल्या. काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे. ज्या मजुराने ते कोंबले त्याला मी दोष देत नाही. मजल्यामागे किती दिवस, हे ज्याने ठरवलं त्याने ते कोंबले. आणि इतकी घाई का? तर १९५६ च्या ब्रिटिश कायद्याने इमारत जितकी उंच तितकं नगरपालिकेला घरामागे जास्त अनुदान मिळत असे. ते १९६७ मध्ये बंद झालं. तोवर देशभर मनोरे उभे राहिले होते. रोनन पॉइंटनंतर १९७० मध्ये ब्रिटनने नियम केला की पाच किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत एक आधार गेला तरी सगळी ओळ कोसळता कामा नये. एकाला धक्का लागला तर शेजाऱ्याने धरून ठेवायचं, हा विचार आपल्या प्रीकास्टच्या नियमांतही तिथूनच आला.

शिकागोचं लवकर आटोपतो. रॉबर्ट टेलर होम्स : सोळा मजल्यांच्या २८ इमारती, एका रांगेत, महामार्गाच्या कडेने, १९६२. ज्यांचं नाव दिलं ते टेलर हे शिकागो गृहनिर्माण प्राधिकरणाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. गोऱ्या वस्त्यांत जागा द्यायला नगरसेवक तयार होईनात म्हणून त्यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला होता. म्हणजे ज्या गोष्टीच्या निषेधात माणूस गेला, तिलाच त्याचं नाव. तिथे मोठी कुटुंबं यावीत म्हणून तीन-चार शयनगृहांची घरं केली. परिणाम, भर काळात सुमारे २७,००० रहिवासी आणि त्यांत सुमारे २०,००० मुलं. एका मोठ्या माणसामागे जवळपास तीन पोरं. अशा इमारतीत जगातली कुठलीही लिफ्ट टिकणार नाही. पोरं बटणं दाबून खेळणारच, आम्हीही खेळायचो. २००७ पर्यंत सगळ्या इमारती गेल्या. त्याच शहरातल्या कॅब्रिनी-ग्रीनचा शेवटचा मनोरा २०११ ला पाडला. तिथली १९४० च्या दशकातली बैठी घरं मात्र अजून उभी आहेत.

आता उलट बाजू, जी वर्गात सहसा सांगत नाहीत. लिफ्ट काही मजल्यांवरच थांबते, ही युक्ती न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजमध्येही होती, १९३९ पासून. तिथल्या सहा मजली इमारतींत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यावरच थांबायची. ती वसाहत आजही भरलेली आहे. न्यूयॉर्कच्या प्राधिकरणाकडे आजही पावणेदोन लाखांच्या आसपास घरं आहेत, बहुतेक उंच इमारतींत. त्यांनी भाडेकरूंत नोकरदार कुटुंबं टिकवून धरली आणि स्वतःची माणसं देखभालीला ठेवली. अलीकडच्या दशकांत केंद्राने हात आखडता घेतला आणि तिथेही गळती, बुरशी, बंद बॉयलर सुरू झालं; २०२३ मध्ये त्यांच्या दुरुस्तीचा अंदाज ७८ अब्ज डॉलरवर गेला. तेव्हा न्यूयॉर्कला आदर्श म्हणून फार मिरवू नका.

सिंगापूर आणखी बोलकं. तिथल्या जुन्या सरकारी इमारतींतही लिफ्ट काही मजले सोडूनच थांबत असे. अगदी प्रुइट-आयगोचीच चूक म्हणा. लोक म्हातारे झाले, जिना चढवेना. सरकारने इमारती पाडल्या नाहीत. २००१ पासून कार्यक्रम काढून जुन्या इमारतींना बाहेरून नवे शाफ्ट लावले आणि लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबवली. रहिवाशांनी मतदान करायचं, खर्चाचा थोडा भाग त्यांनी द्यायचा, मोठा भाग सरकारचा. तिथे प्रत्येक विभागाची नगर परिषद दरमहा शुल्क घेते आणि त्यातला ठरावीक हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, कायद्याने. लिफ्ट बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे असतील, हे आज ठरलेलं. पण हेही लक्षात ठेवा की तिथे देशातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक अशा घरांत राहतात, शिक्षक, कारकून, टॅक्सीवाले सगळे एकाच जिन्यात. एका जिन्यात नुसते गरीब कोंबलेले नाहीत. म्हणून "सिंगापूरला जमलं, आपल्याला का नाही" असं जे लोक म्हणतात त्यांचा मला कंटाळा येतो.

मग आपले टॉवर? सगळे एका मापाने मोजू नका. बीडीडी चाळींचं घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या. त्यासुद्धा सरकारी घरबांधणीच होत्या, आणि सुरुवातीला त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण ज्या गिरणी कामगारांसाठी बांधल्या त्यांना भाडं परवडेना आणि काँक्रीटच्या त्या खोल्या त्यांना तुरुंगासारख्या वाटत. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींत सरकारने खरोखरच तुरुंग केला. पुढे त्याच खोल्यांत तीन पिढ्या वाढल्या, गणपती बसले, व्यायामशाळा चालल्या. ज्या इमारतीला आज आपण नाकं मुरडतो, तिच्याबद्दल पन्नास वर्षांनी कुणी गहिवरेलही. आता तिथल्या १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतंय. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या, इमारती चाळीस मजल्यांच्या. तिथे पहिल्या बारा वर्षांच्या देखभालीची व्यवस्था म्हाडाने केली आहे. चांगली गोष्ट. पण माझ्या अनुभवाने लिफ्टची मोठी दुरुस्ती पंधराव्या ते विसाव्या वर्षी येते. आणि तिथे राहणारे निदान नोकरदार, संघटित, शंभर वर्षं एकत्र राहिलेले आहेत. ते सोसायटी चालवतील, भांडत भांडत चालवतील.

मला काळजी आहे ती गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींची. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांना शहरभरातून उचलून तिथे आणून टाकलं. सात मजली इमारती, दोन इमारतींमध्ये तीनेक मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ साली दाखवलं की अशा वसाहतींत जिथे ऊन-वारा पोचत नाही त्या घरांत क्षयाचं प्रमाण जास्त आहे. सेंट लुईसला निदान हवा होती.

शेवटी पाडण्याबद्दल, कारण तुम्ही ते गृहीत धरलंय. सुरुंगाने इमारत पाडायची म्हणजे आधी काही महिने आतल्या भिंती काढायच्या, खालच्या मजल्यांचे खांब भोकं पाडून भरायचे, आणि क्षणाक्षणाच्या अंतराने ते उडवायचे. बाकीचं काम इमारतीचं वजन करतं. हे दरवेळी जमतंच असंही नाही. ग्लासगोच्या रेड रोडवरचे शेवटचे सहा मनोरे ऑक्टोबर २०१५ मध्ये एकदम उडवले, त्यांतले दोन निम्मेअर्धे तसेच उभे राहिले. पुणेकरांना चांदणी चौकातला पूल आठवत असेल. २०२२ मध्ये सहाशे किलो स्फोटकं लावूनही तो पुरता पडला नाही, उरलेला पोकलेनने पाडावा लागला. त्यासाठीही आजूबाजूला मोकळी जागा लागते. तीन मीटरवर दुसरी इमारत आणि तिच्यात माणसं, अशा ठिकाणी सुरुंगाचं नावच काढायचं नाही. रोनन पॉइंटसारखी वरून खाली, मजल्या-मजल्याने उतरवायची. आणि नवीन इमारती मायवान शटरिंगच्या, म्हणजे खोलीची प्रत्येक भिंत सळईची काँक्रीट. त्या तोडायला किती काळ आणि पैसा लागेल याचा अंदाज आज कुठल्याच प्रकल्प अहवालात मी पाहिलेला नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रुइट-आयगोसारखा फोटो निघणार नाही. इमारती उभ्याच राहतील, लिफ्टविना.

तुमचा प्रबंध याच विषयावर असेल तर एक करा. कुठल्याही पुनर्वसनाच्या टॉवरला गेलात की दर्शनी भागाचे फोटो काढायच्या आधी सेक्रेटरीकडे तीन कागद मागा : लिफ्टचा देखभाल करार, राखीव निधीचं पासबुक आणि सार्वजनिक मीटरचं शेवटचं बिल. मग मशीन रूमपर्यंत जिन्याने चढा. त्या चौदा मजली इमारतीत मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक लिफ्ट सुरू झाली होती. वरच्या मजल्यांनी वर्गणी काढून, खालच्यांना वगळून. आत एक हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता : "सातव्या मजल्याच्या खाली थांबणार नाही."